बिनब्रॅकेटच्या फळ्या घरच्या घरी

भिंतीतून नुसतीच बाहेर आलेली फळी, खाली ब्रॅकेट नाही, बाजूला पाखं नाहीत, अशा फळ्या मला फार दिवसांपासून हव्या होत्या. तयार मिळणाऱ्या काही हातात घेऊन, उलट्या करून नीट पाहिल्या. बहुतेकींच्या पोटात काहीच नव्हतं. वरखाली पातळ पापुद्रे, मध्ये पुठ्ठ्याची जाळी आणि मागे एक लोखंडी दांडा. एवढ्या भांडवलावर ती फळी उभी राहते, म्हणजे तिची ताकद लाकडाच्या जाडीतून येत नाही हे उघड होतं. मग स्वतःच करायला घेतल्या.

या कामातून जे मत पक्कं झालं ते आधीच सांगून टाकते. खर्च वाचवायचा तो लाकडात वाचवावा, भिंतीतल्या कामात नाही. प्लाय साधा चालतो, रिपा, म्हणजे लाकडाच्या अरुंद पट्ट्या, जुन्या सामानातल्या चालतात. स्क्रू, गट्ट्या (भिंतीतल्या भोकात बसवून ज्यांत स्क्रू आवळतात ते प्लग) आणि ड्रिलचं बिट मात्र चांगलंच घ्यावं. सगळं मिळून तो खर्च एकूण खर्चाच्या मानाने किरकोळच असतो.

असं का, ते समजून घ्यायला जरा आकडेमोड करावी लागली आणि ती करताना मला खूप मजा आली. फळीवरचं वजन स्क्रूला खाली दाबतं अशी आपली समजूत असते. ते दाबतंच, पण ब्रॅकेट नसलेल्या फळीत खरी परीक्षा वेगळी असते. समजा 20 सेंमी रुंद फळीवर 10 किलोचं सामान ठेवलं. त्याचा भार भिंतीपासून साधारण 10 सेंमीवर पडतो. फळी पुढे झुकू पाहते, तिची मागची खालची कड भिंतीला टेकते आणि वरच्या बाजूला स्क्रू भिंतीतून बाहेर उपसला जाऊ लागतो. भिंतीवरची आधाराची रीप 38 मिमी उंच असेल आणि स्क्रू तिच्या मधोमध, म्हणजे खालच्या कडेपासून 19 मिमीवर मारले असतील, तर 10 किलो गुणिले 10 सेंमी हे 100, त्याला भागिले 1.9 सेंमी, म्हणजे जवळजवळ 53 किलोची ओढ सगळ्या स्क्रूंवर मिळून येते. सामान फक्त 10 किलोचं असताना! तेच स्क्रू वर सरकवून खालच्या कडेपासून 28 मिमीवर घेतले, तर ओढ 36 किलोपर्यंत उतरते. एक पैसाही जास्त न लावता, नुसतं भोक थोडं वर पाडल्याने. म्हणून माझ्या रिपेतली सगळी भोकं वरच्या कडेपासून 10 मिमीवर आहेत.

याच हिशोबातून फळीची रुंदीही ठरली. फळी जितकी भिंतीपासून पुढे, तितकी ओढ वाढते, आणि रुंद फळीवर आपण सामानही जास्त ठेवतो. दोन्ही दुप्पट झाले तर ओढ चौपट होते. पुस्तकांना 20 सेंमी पुरतात. तिथेच थांबले.

लांबी 120 सेंमी घेतली, त्यामागे प्लायचा हिशोब होता. पूर्ण शीट 8 बाय 4 फुटांचा, म्हणजे 2440 बाय 1220 मिमीचा असतो. त्यातून 200 मिमीच्या सहा पट्ट्या निघतात. करवतीचं पातं प्रत्येक कापाला साधारण 3 मिमी खातं, पाच कापांचे 15, म्हणजे 1215. पाच मिमी शिल्लक! प्रत्येक पट्टी मध्ये कापली की 120 सेंमीचे दोन तुकडे. एका शीटमध्ये बारा तुकडे, म्हणजे सहा फळ्यांचे वरचे आणि खालचे पत्ते. रुंदी 22 सेंमी धरली असती तर पाचच पट्ट्या निघाल्या असत्या आणि उरलेला प्लाय कोपऱ्यात पडून राहिला असता. कापण्याआधी कागदावर शीट आखून घ्यावा, हे काम अर्ध्या तासाचं आहे आणि पैसे वाचतात ते इथेच.

प्लाय मी 6 मिमीचाच घेतला. इतका पातळ कसा चालेल असं कुणालाही वाटेल. पण पोकळ खोक्याचं गणित वेगळं आहे. वर 6 मिमी, खाली 6 मिमी आणि मध्ये 38 मिमीच्या रिपा, अशी फळी 50 मिमी जाड होते. वाकण्याला विरोध जाडीच्या घनावर अवलंबून असतो. 18 मिमीच्या सलग फळीसाठी तो आकडा 18 चा घन, म्हणजे 5832. आपल्या खोक्यासाठी 50 चा घन वजा मधल्या पोकळीचा 38 चा घन, म्हणजे 1,25,000 वजा 54,872, बरोबर 70,128. भागून पाहिलं तर बारा पट. नुसत्या दोन पत्त्यांचा हा हिशोब आहे, रिपांची ताकद त्यात धरलेलीच नाही. 18 मिमीऐवजी 12 मिमी प्लाय वापरून बारा पट ताठपणा, आणि वजन कमी ते वेगळंच. दोन्ही पत्ते आतल्या रिपांना डिंकाने एकजीव झालेले असले तरच हे खरं. नुसते खिळे मारले तर पत्ते एकमेकांवर घसरतात आणि ही सगळी बेरीज फुकट जाते. म्हणून डिंक लावताना अजिबात हात आखडता घेतला नाही.

आता रचना. फळीचे दोन भाग असतात: भिंतीला कायमचा बसणारा सांगाडा आणि त्यावर पुढून सरकवायचा खोका. सांगाडा म्हणजे 38 बाय 25 मिमीची एक लांब रीप, 25 ची बाजू भिंतीकडून बाहेर, आणि तिच्यातून काटकोनात पुढे आलेले पाच हात. खोका म्हणजे वरखाली प्लाय आणि पुढे व दोन्ही टोकांना त्याच मापाच्या रिपा. मागची बाजू उघडी. खोका सांगाड्यावर म्यानासारखा चढतो.

हे हात का लागतात, नुसती मागची रीप पुरणार नाही का, असा प्रश्न मलाही पडला होता. बऱ्याच ठिकाणी तसंच करतात. पण बघा: खोका आणि रीप यांच्यात उंचीला 1 मिमीचा फरक राहिला, एवढा तर राहतोच. रीप भिंतीपासून 25 मिमीच बाहेर आहे. या 25 मिमीत 1 मिमी खेळ, म्हणजे 200 मिमीवरच्या पुढच्या कडेला 8 मिमी झोल. फळी डोळ्यांना सरळ सरळ वाकडी दिसणार. हात 172 मिमीपर्यंत पुढे आले, की त्याच 1 मिमी खेळाला पुढे जेमतेम सव्वा मिमी झोल येतो. तो कुणाला दिसत नाही.

हात जोडायला मागच्या रिपेतून 75 मिमीचे स्क्रू मारले, प्रत्येक हाताला दोन, एकावर एक. शेजारी शेजारी मारले तर हात वरखाली डुलायला मोकळा राहतो. हाताच्या टोकाच्या आडव्या कापात स्क्रू तसा कमीच धरतो, त्यामुळे 25 मिमी रिपेतून पार होऊन 50 मिमी हातात शिरेल इतका लांब स्क्रू घ्यावा, आणि आधी बारीक बिटाने भोक पाडून घ्यावं, नाहीतर लाकूड रेषेरेषेने फाटतं. सांध्यावर डिंक हवाच. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून प्रत्येक हात तपासला. हे काम सपाट टेबलावर करावं, कारण एक हात जरी वर उचलला गेला तरी खोका त्याच्यावर अडतो.

लाकूडकाम तसं सोपं होतं, जीव लावावा लागतो तो भिंतीत.

आधी भिंत ओळखायची. बोटाच्या पेराने ठोकत गेलं की विटेची किंवा काँक्रीटची भिंत भरीव, बद्द आवाज देते. जिप्समची पार्टिशन पोकळ वाजते आणि तिथे मागचे उभे चॅनल शोधूनच स्क्रू मारावे लागतात. माझी भिंत विटेची. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली ड्रिल लावायचं नाही, कारण तारांचे पाइप बहुधा तसेच उभे गेलेले असतात. नळाच्या रेषेलाही तेच.

विटेच्या भिंतीवर गिलावा असतो, आतल्या बाजूला साधारण 12 ते 20 मिमी. गिलाव्याला धरण्याची ताकद जवळजवळ नसते. गट्टी त्यात अडकून राहिली तर भार आल्यावर गिलाव्याचा तुकडा घेऊनच बाहेर येते. म्हणून स्क्रूची लांबी मोजूनमापून ठरवली. रिपेत स्क्रूचं डोकं आत बसावं म्हणून 10 मिमी रुंद आणि 10 मिमी खोल खाच आधी पाडली. रिपेचे उरले 15 मिमी, गिलावा जास्तीत जास्त 20, आणि विटेत 40. बेरीज 75. हातांना वापरलेलाच स्क्रू इथेही चालला, एकाच मापाची पेटी पुरली.

भोक 8 मिमीचं, गट्टीही 8 मिमीची. ड्रिलच्या बिटावर टोकापासून 70 मिमीवर रंगीत टेप गुंडाळली, म्हणजे किती आत गेलो ते कळतं. गट्टीला लागतात त्याहून 10 मिमी जास्त, कारण भोकाच्या तळाशी थोडी भुकटी राहतेच. आणि भोकाच्या खाली भिंतीला एक जुनं पाकीट उघडं चिकटवून ठेवलं. घर स्वच्छ राहतं हा एक फायदा. दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो: पाकिटात पडणारी भुकटी आपल्याला भिंतीच्या आतलं सांगते. सुरुवातीला राखाडी, पिठूळ भुकटी येते, तो गिलावा. थोडं आत गेलं की ड्रिलचा सूर बदलतो, हाताला जोर जाणवतो आणि भुकटी लाल व्हायला लागते. लाल दिसली की वीट लागली. राखाडीच येत राहिली आणि बिट सहज आत चाललं, तर आपण दोन विटांमधल्या सांध्यात आहोत. तिथला माल भुसभुशीत असतो, गट्टी फिरते. अशा ठिकाणी ते भोक सोडून रिपेवर दोन बोटं बाजूला नवीन जागा घ्यावी. एका फळीच्या बाबतीत मला तसं करावं लागलं. सोडलेलं भोक रिपेच्या मागे झाकलं गेलं. भुकटी राखाडीच, पण खरखरीत आणि बिट पुढे सरकतच नसेल, तर काँक्रीट आहे. तिथे दम धरावा, मधूनमधून बिट बाहेर काढून भोक मोकळं करावं.

भोक पाडल्यावर भुकटी बाहेर काढणं हे बहुतेक जण टाळतात, आणि गट्टी ढिली बसण्याचं मुख्य कारण तेच असतं. मी पातळ नळीने फुंकर मारली, डोळ्यांवर चष्मा लावून. मग गट्टी हलक्या हातोडीने आत घातली आणि स्क्रूच्या टोकाने ढकलून गिलाव्याच्या पलीकडे, पूर्ण विटेत नेली. गट्टी फुगते ती विटेत फुगली पाहिजे.

या छोट्याशा वस्तूबद्दल मला खरोखर कौतुक आहे. जॉन जोसेफ रॉलिंग्ज यांनी 1911 च्या सुमारास तागाच्या धाग्यांची अशी गट्टी केली, तेव्हा ब्रिटिश म्युझियममध्ये भिंती न फोडता विजेचं सामान बसवायचं होतं. त्याआधी भिंतीत मोठी खाच खणून लाकडाचा ठोकळा ठोकायचा हाच मार्ग असे. पुढे 1958 मध्ये आर्टर फिशर यांनी नायलॉनची, दोन्हीकडे फुलणारी गट्टी आणली. आपण वापरतो त्या बहुतेक तिच्याच वंशातल्या. हलक्या, सच्छिद्र ब्लॉकच्या भिंतीला या साध्या गट्ट्या धरत नाहीत. तिथे त्या ब्लॉकसाठीच मिळणाऱ्या गट्ट्या घ्याव्यात आणि ड्रिलचा ठोका बंद करून नुसतं फिरवून भोक पाडावं, नाहीतर भोक मोठं होऊन बसतं.

सांगाडा लावताना आधी एका टोकाचा एकच स्क्रू सैल लावला, मग लेव्हल ठेवून दुसरं टोक वरखाली केलं आणि बाकीच्या खुणा पेन्सिलने रिपेच्या भोकांतूनच घेतल्या. लेव्हल खरी आहे का हे पाहायची सोपी रीत म्हणजे ती उलटसुलट फिरवून त्याच जागी ठेवायची. बुडबुडा दोन्ही वेळा एकाच ठिकाणी थांबला तर लेव्हल विश्वासाची. लांबवर दोन फळ्या एका पातळीत घ्यायच्या तर मला पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं धरण्याची गवंड्यांची रीत सगळ्यात पटते. नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला नाही एवढं पाहावं.

पाच हात म्हणजे मध्ये चार गाळे. टोकाच्या दोन गाळ्यांत दोन दोन आणि मधल्या दोन गाळ्यांत एक एक, असे सहा स्क्रू. पुस्तकांची मीटरभर ओळ सहज 20 ते 25 किलो भरते, म्हणजे पूर्ण भरलेली फळी 30 किलोची धरावी. वरच्या हिशोबाने सगळी ओढ 107 किलो, सहांत वाटली की प्रत्येकाला 18. चांगल्या विटेत नीट बसलेल्या गट्टीला हे झेपतं.

स्क्रू आवळताना एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावी लागली. भिंत डोळ्यांना सपाट दिसते, पण लांब पट्टी लावली की मागून उजेड दिसतो. तशा खळग्यावर स्क्रू जोरात आवळला, तर रीप भिंतीकडे ओढली जाऊन धनुष्यासारखी वाकते. रीप वाकली की हात फाकतात, आणि मग खोका चढत नाही. म्हणून जिथे फट दिसली तिथे स्क्रूच्या अगदी जवळ पातळ पाचर सरकवली आणि मगच आवळलं. पाचरीला पुठ्ठा वापरू नये, तो दबत राहतो. प्लायच्या सालपट्ट्या किंवा प्लॅस्टिकची चकती चांगली.

आणि ओळंबा, म्हणजे भिंत उभी सरळ आहे की नाही ते. भिंत वरून पुढे झुकलेली असेल तर सांगाडा खाली मान घालतो. माझी भिंत थोडी तशीच होती. रिपेच्या खालच्या कडेला 1 मिमीची पाचर दिली की 38 मिमी उंचीमागे 1 मिमी, म्हणजे 200 मिमीवर पुढची कड पाच मिमीच्या आसपास वर येते. इतक्या बारीक पाचरीने एवढा फरक पडतो हे पाहून बरं वाटलं. पुढची कड मी मुद्दाम अर्ध्या सुताने, म्हणजे साधारण दीड मिमीने, वर ठेवली, भार आल्यावर ती बरोबर समपातळीत येते.

खोका जोडताना आत ओघळलेला डिंक लगेच ओल्या फडक्याने पुसला. वाळला की त्याचे कडक थेंब होतात आणि हात त्यांना अडतात. दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत ना पाहिलं, शिकंजे (क्लँप) लावले, शिकंजे कमी पडले तिथे जाडजूड पुस्तकं रचली आणि रात्रभर हात लावला नाही. सांगाड्याच्या रिपा आणि खोक्याच्या रिपा एकाच लाकडाच्या असल्याने उंची तंतोतंत सारखी, म्हणजे खोका चढणारच नाही. मग सांगाड्याच्या वरच्या बाजूवर रंध्याचा एक हलका हात फिरवला. कागदासारखी पातळ साल निघाली, तेवढं पुरलं. हातांवर मेणबत्ती घासली आणि खोका दोन्ही टोकांना आळीपाळीने तळहाताने ठोकत आत नेला. शेवटच्या दोन इंचांत तो आतली हवा दाबत, जरा कुरकुरत गेला आणि भिंतीला टेकला. मग नुसत्या हाताने तो हलेना.

रंगकामावर फार लिहिण्यासारखं नाही. प्लायच्या कडांना लांबी (पुट्टी) भरली, 120 आणि मग 220 नंबरचा पॉलिश पेपर, प्राइमर, रंगाचे दोन हात. खालच्या बाजूलाही वरच्या इतकेच हात द्यावेत, नाहीतर एकाच बाजूने दमट हवा शोषून पातळ प्लाय वाकू पाहतो. फळी आणि भिंत यांच्यातली बारीक रेघ रंगवता येणाऱ्या अॅक्रिलिक भरावाने बुजवली, त्याने फळी भिंतीतूनच निघाल्यासारखी दिसते.

खोका सांगाड्याला चिकटवायचा मात्र नाही. खालून, भिंतीजवळ, टोकांच्या दोन हातांत 20 मिमीचा एक एक स्क्रू मारला आहे, डोकी लांबीने झाकलेली. भिंत रंगवायची वेळ आली की भरावावर पातळ पातं फिरवायचं, ते दोन स्क्रू काढायचे आणि खोका पुढे ओढून घ्यायचा. सांगाडा जागच्या जागी राहतो, लेव्हल पुन्हा लावावी लागत नाही.